मंडपाचा दोर

आमच्या घरात बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच — मास्तर, ती मंडपाची गोष्ट होऊन जाऊ द्या. आणि मी सांगतो. नऊ वर्षं सांगतोय. कुठं थांबायचं, कुठं मामाच्या धोतराकडं बोट दाखवायचं, कुठं पाण्याचा घोट घ्यायचा, सगळं पाठ झालंय. पण त्या गोष्टीतली एक ओळ मी दरवेळी गाळतो. ती बायकोला माहीत आहे. आणखी एका बाईला माहीत होती. माझ्या तोंडून मात्र ती अजून बाहेर पडलेली नाही — आज पडणार आहे, म्हणून हे लिहायला बसलो. बसून तास झाला. दोनदा पेन साफ केला, एकदा उगाच मांजर हाकललं.

आधी गोष्ट सांगतो, जशी सांगतो तशी.

पंच्याऐंशीचा वैशाख. धाकट्या बहिणीचं, शकूचं लग्न. वडील नव्हते, म्हणून सगळा भार माझ्यावर — आणि माझ्यावर भार टाकणं म्हणजे काय ते आमच्या भावकीला विचारा. हळदीच्या दिवशी चारच्या सुमाराला वारं सुटलं. आधी धूळ, मग पत्रावळी, मग कुणाची तरी टोपी. मंडपाची ताडपत्री शिडासारखी फुगली आणि एका अंगाच्या ताणाचा दोर तटकन तुटला. आमचा दगडूमामा, अंगानं भरलेला माणूस, मधल्या डांबाला मिठी मारून बसला. वाऱ्यानं डांब उचलला आणि डांबाबरोबर मामा उचलला. वीतभर. मामा म्हणतो हातभर. धोतर वाऱ्यावर, अंगाला हळद, आणि मामा वरून ओरडतोय, "मास्तर, कायतरी कर रे, मी चाललो मुंबईला." मी पळालो, कुठून तरी जाडजूड दोर घेऊन आलो, ताण लिंबाच्या बुंध्याला करकचून बांधला. मामा जमिनीवर आला. मंडप राहिला, लग्न झालं. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली.

लोक इथं पोट धरून हसतात. कुठून तरी — हे दोन शब्द मी पटकन बोलून टाकतो. दोर कुठून आणलास, हे नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही. हसणारा माणूस कशाला विचारील?

आता ती गाळलेली ओळ. पण ती तशी नुसती सांगून कळायची नाही.

मी आमच्या गावचा पोस्टमास्तर. मास्तर म्हणजे फार काही समजू नका. पालमहून एसटीनं थैली येते, घराच्या ओसरीवर एक टेबल, एक तराजू आणि अर्ध्या तारखा उमटवणारा एक शिक्का. घरापासून पन्नास पावलांवर गावाची विहीर. काळ्या दगडाची, खोल, उतरायला पायऱ्या नाहीत, कठडा एका बाजूनं ढासळलेला. त्या विहिरीत दोन-अडीच वर्षांत तीन बायका गेल्या. तिघींच्याही पंचनाम्यात "पाणी काढताना पाय घसरून" असं आहे. अक्षर माझं. जमादाराचं अक्षर त्याचं त्यालाच वाचता येत नसे, म्हणून कागद माझ्यापुढं यायचा. सासरचे म्हणायचे घसरून लिहा, माहेरचेही म्हणायचे घसरूनच लिहा, पोरीचं नाव खराब होतं. मी लिहायचो. गावातल्या बायका एवढ्या कशा घसरतात, असा प्रश्न मला पडला नाही. की पडला होता?

तो पडला सोनकांबळे सिस्टरला. उपकेंद्रावर नवीन आलेली नर्स, तिशीची, किरकोळ अंगाची. गावात तिला कुणी खोली दिली नाही. अठ्ठ्याहत्तरच्या आगी सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होत्या, नामांतराचं नाव काढलं तरी पारावरची माणसं गप्प व्हायची किंवा फारच बोलायला लागायची. सिस्टर उपकेंद्राच्याच मागच्या खोलीत राहिली. लोहाच्या गोळ्या वाटायच्या निमित्तानं घरोघर जायची आणि प्रत्येक बाईला एकच विचारायची — झोप लागती का? बाई म्हणाली, लागते, तर पुढच्या घरी. म्हणाली, न्हाई लागत, तर तिथंच बसायची, शेंगा फोडू लागायची, आणि पुढच्या आठवड्यात परत यायची. नवऱ्यांशीही बोलायची, ओरडून नव्हे, गुराच्या आजारपणाबद्दल बोलावं तसं — हात कधी उचलता, पिल्यावर का उपाशी असल्यावर? मी तिचं नाव ठेवलं झोपसिस्टर. गावभर झालं. नावं ठेवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

एक दिवस ती इनलँड घ्यायला आली आणि म्हणाली, "मास्तर, ती तिसरी बाई वर काढली तवा मी हात बघितले तिचे. नखात शेवाळ होतं. मरायला गेलेलं माणूस भिंत कशाला खरडंल?"

मी इनलँडचे सुटे पैसे मोजत राहिलो.

"पाण्यात पडल्यावर सगळ्यांना माघारी यायचं असतं," ती म्हणाली. "तेवढ्या घडीला हाताला कायतरी लागलं पायजे. बास."

तिनं ग्यानबाकडून घायपाताचा दोर वळून घेतला, मनगटाएवढा जाड. ग्यानबाचं घराणंच दोर वळणारं. हात-हातभर अंतरावर गाठी, गाठीत लाकडाची दांडकी. विहिरीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथं पाणी कुणी शेंदत नाही, तिथं दगडात जुनी लोखंडी कडी होती. तिला दोर बांधायचा आणि खालच्या टोकाला तोंड बंद केलेला तेलाचा डबा, म्हणजे दोर तरंगत राहील, दिसत राहील. एवढंच. पण गावात कुजबूज सुरू झाली. दोर ग्यानबाचा, बांधणार नर्सबाई, आणि पाणी सगळ्या गावाचं. चावडीवर दोन म्हातारे हट्टाला पेटले. तेव्हा मी बोललो. म्हणालो, "आबा, तुमी विहिरीत पडलाव तर आधी दोर कुणी वळला ते इचारनार का?" चावडी हसली. आबाही हसला. दोर बांधला गेला.

माझा कामाला आलेला एवढा एकच विनोद. सिस्टर म्हणाली, "मास्तर, तुमचं घर जवळ आहे. दोरावर लक्ष तुमचं." मी हो म्हणालो. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू?

पुढच्या पावसाळ्यात एक बाई त्या दोराला धरून वर आली. आपली आपण. ओलीगच्च कठड्यावर बसली, म्हणाली, पाय घसरला. सिस्टरनं तिला काही विचारलं नाही. चहा केला, कोरडं लुगडं दिलं, आणि पुढं सहा महिने त्या घरी गोळ्या द्यायला जात राहिली. ती बाई आजही आहे, परवा तिच्या नातीचं बारसं झालं. वारं आलं की डबा दगडावर आपटायचा — टण, टण. माझ्या ओसरीत ऐकू यायचं. कामात बसलो तरी कान तिकडं असायचा. सवयच झाली होती.

कळलं ना आता, दोर कुठून आणला?

हळदीच्या दिवशी, मामा हवेत असताना, मी विहिरीकडं पळालो. गोठ्यात दोर नव्हते का? होते. कासरे होते, शेजारी गाडीवानाकडं होते. पण तो जाड होता, हाताशी होता, आणि वापरात नव्हता — असंच वाटलं मला, वापरात नाही. गाठी सोडल्या, दांडकी भिरकावली, डबा काट्यांत फेकला. मनात आलं होतं का? आलं होतं. उद्या लावू, असं आलं होतं. सिस्टर तेव्हा प्रशिक्षणाला परभणीला गेली होती, पंधरा दिवसांसाठी. जाताना परत एकदा सांगून गेली होती — मास्तर, दोर.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी मंडप उतरवला, दोर गोठ्यात खुंटीला टांगला. मग पाठवणी, मग आचाऱ्याची भांडी माघारी, मग झोप. मग सत्यनारायण. एका म्हातारीनं विचारलं, दोर दिसना गेलाय. म्हणालो, नवा करायला दिलाय. इतकं सहज निघालं तोंडातून. बायको म्हणाली, "आवं, तेवढा दोर टाकून या की." दोनदा म्हणाली. मी म्हणालो, आज दमलोय. खरंच दमलो होतो. पन्नास पावलं होती. नऊ दिवस मी दमलेला होतो. वारं यायचं, टण टण होत नव्हतं, आणि तेही माझ्या कानाला कळलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळच्या गाडीनं भामा उतरली. आमच्याच आळीतली सून, बावीस-तेवीसची. नवऱ्याचा हात फार चालायचा. सिस्टरनंच नवऱ्याची आणि सासूची समजूत घालून तिला महिनाभर माहेरी धाडलं होतं, आमच्या लग्नाच्या आधीच. माहेरच्यांनी पंधरा-सोळा दिवसांत गाडीत बसवून दिलं. घरी जायचं सोडून ती आमच्या ओसरीच्या कडेला बसली, मांडीवर गाठोडं. पाणी मागितलं. बायकोनं दिलं. भामा बसूनच राहिली.

मी शिक्के मारत होतो. म्हणालो, "काय गं भामा, लवकर धाडलं माहेरानं? लय खायलीस का तिथं?"

ती थोडं हसली. म्हणाली, "तसंच समजा, दादा."

आणि उठून गेली. झोप लागती का — तीन शब्द. सिस्टरनं मलाही शिकवून ठेवले होते. टपालाला दहा बाया येतात मास्तर, एवढंच विचारत जा, बाकी माझं मी बघते. मी माझा विनोद केला.

दुपारी बारा-साडेबाराला धुणं घेऊन गेलेली एक बाई ओरडत आली. मी गोठ्यात गेलो, खुंटीवरचा दोर काढला, बाज उचलली. चौघांनी बाज दोरानं खाली सोडली, दोघं उतरले. भामाला वर काढलं तेव्हा वेळ होऊन गेली होती. तोच दोर. नऊ दिवस ज्याला पन्नास पावलं जमली नाहीत, तो त्या दिवशी एका दमात पळाला. गर्दीत दोर कुणी ओळखला नाही. गाठी नव्हत्या ना.

दुसऱ्या दिवशी जमादार आला. कागद माझ्यापुढं. म्हणाला, हितं दोर असतो म्हणं, कुठाय? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. दगडूमामा अजून आमच्याकडंच होता. तो माझ्याकडं बघत होता. त्याला आठवलं होतं का? आजवर मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मी मान वर न करता म्हणालो, "कुजला व्हता सायेब. तुटून पडला असंल."

आणि लिहिलं. पाणी काढताना पाय घसरून. बचावासाठी बांधलेला दोर कुजून आधीच तुटलेला असल्याचे दिसून येते. दिसून येते! कुणाला दिसून आलं? अक्षर मात्र फार सुंदर आलं त्या दिवशी.

एवढ्या एका ओळीवर पुढचं सगळं आपोआप उभं राहिलं. गावाला कारण मिळालं. नर्सबाईनं सडका दोर बांधला. मग — ग्यानबानं मुद्दाम सडका वळला. मग दोघांच्या जातीवर. आधीच तापलेलं होतं, मी फक्त काडी पुढं केली. ग्यानबाकडून बैलपोळ्याला कुणी दोर घेतला नाही. सिस्टरची बदली मागणारा अर्ज तयार झाला. कुणी लिहिला असेल? बरोबर.

त्याच्या आधी, भामा गेल्यानंतर चौथ्या दिवशी, सिस्टर प्रशिक्षणाहून परत आली. सरळ आमच्या ओसरीवर. बाज अजून भिंतीला टेकलेली होती, पायाला दोर तसाच. तिनं दोर हातात घेतला. हळूहळू सरकवत गेली. घायपात एकदा पिळला की पीळ धरून ठेवतो. हात-हातभर अंतरावर, जिथं गाठी होत्या, तिथं वाकण राहिलेली होती. प्रत्येक वाकणीवर तिचा अंगठा थांबायचा. मग तिनं दोन्ही हातांनी दोर ओढून बघितला. सगळ्या अंगाचा जोर लावून.

"मास्तर," ती म्हणाली, "दोर तर चांगला हाय की."

मी शिक्का मारत होतो. एकाच पाकिटावर किती वेळा मारला, कोण जाणे.

ती ओरडेल असं वाटत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पुढं तरी ते 'घसरून' लिहू नका. घसरून लिहिलं की पुढच्या बाईसाठी काहीच करता येत नाही." मग म्हणाली, "आजच परत बांधू या. मी गाठी मारते, तुमी नुसते संगं चला."

मी म्हणालो, "गाव काय म्हणतंय ते बघू आधी."

तीच चावडी होती. तेच म्हातारे होते. एकदा हसवून दोर बांधायला लावला होता मी त्यांना. आता एक खरं वाक्य बोलायचं होतं, हसवायचंही नव्हतं. ती दोर बाजेवर ठेवून गेली. ती कुणालाही काही म्हणाली नाही. तिचं कोण ऐकणार होतं? हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. मी त्याच्यावरच तर निभावून नेलं.

बदलीचा कागद माझ्याच थैलीतून आला. मीच नेऊन दिला. पोच म्हणून सही घेतली. जिंतूरच्या बाजूला कुठंतरी लांब टाकलं होतं तिला. जाताना तिनं गोळ्या वाटायच्या घरांची वही नवीन नर्सच्या हातात दिली, त्यात काही नावांपुढं खुणा होत्या. नवीन नर्स गोळ्या वाटायची. बसायची नाही. विहिरीला दोर परत लागला नाही. पुढं नळ येईपर्यंत, चार वर्षांत, आणखी दोघी. त्या पंचनाम्यांना मी हात दुखतो म्हणून सांगितलं. तेवढाच माझा बाणेदारपणा.

इथवर बायकोला माहीत आहे. यापुढचं तिलाही नाही.

त्या दिवशी भामाला वर काढल्यावर सगळे तिच्याभोवती जमले आणि मी कठड्यावर एकटाच राहिलो, दोर गोळा करत. खाली बघितलं. वैशाखातली विहीर, पाणी खाली गेलेलं, वरच्या दगडांवर शेवाळाचा हिरवा थर. तिन्ही बाजूंनी थर साफ होता, धक्का नाही. उत्तरेच्या कोपऱ्यात, कडीच्या बरोबर खाली, शेवाळ खरडलेलं होतं. पाण्याच्या वर हातभर, बोटांच्या रेघा. दुसरीकडं कुठं नाही.

ती माहेरी गेली तेव्हा दोर जागेवर होता. तो काढलाय हे तिला सांगायला कोण गेलं होतं? ती माघारी आली होती. बरोबर जिथं यायचं तिथं आली होती.

पंचनामा लिहिताना जमादारानं विचारलं होतं, विहिरीत काही खुणा? मी लिहिलं, नाहीत.

मागच्या महिन्यात शकू आली होती, नणंदेच्या लग्नाची बोलणी करायला. आता विद्यापीठाचं नाव बदललं, नामांतराचं भांडण मिटलं म्हणतात. पारावर सगळे एकमेकांशी पुन्हा पावसापाण्याचं बोलतात. जेवणं झाली. शकूची पोरगी म्हणाली, मामा, मंडपाची गोष्ट. मी सांगितली. दगडूमामा वीतभर उचलला, धोतर उडालं. कुठून तरी दोर आणला — बायको उठली आणि चहा टाकायला आत गेली. नऊ वर्षं ती त्याच ठिकाणी उठते. लोकांना वाटतं, काय सुगरण आहे, बरोबर वेळेला चहा. सगळे हसले. मीही हसलो.

पाहुणे गेल्यावर गोठ्यात गेलो. दोर खुंटीला आहे. त्याला ना गुरं बांधली, ना तो टाकवला. वाकणी अजून तशाच. एक टोक मेढीला बांधलं, दुसरं हाताला गुंडाळलं, आणि सिस्टरनं ओढला होता तसा दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ओढला. तळहात सोलले.

तुटला नाही.